मदत हवी आहे: आण्णांचं लिव्हिंग विल (शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) अंबाजोगाईत कुठं जमा करायचं?

आण्णा ८२ वर्षांचे, डोकं अजून खणखणीत. म्हणतात, "शुद्ध हरपली तर नळ्या लावून ठेवू नका, घरी आणा, तोंडात पाणी घाला." माय म्हणते, हे लेकरांनी बापाला मारणंच झालं. मला नाही पटत. इंजेक्शन देऊन मारणं वेगळं, निरुपयोगी उपचार थांबवणं वेगळं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला हा हक्क मानला. २०२३ ला त्यावर मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट काढली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. दोन साक्षीदार तयार आहेत. नोटरी मात्र मृत्युपत्राचाच नमुना पुढं सरकवतोय! अंबाजोगाई-लातूरकडं कुणी केलंय का? नगरपरिषदेत प्रत कोणत्या टेबलावर घेतात? मराठी मसुदा असल्यास टाका. अन् मायला कसं समजावावं, तेही सांगा.