मे अखेरीस श्रीलंकेत व्हेल दिसतील का? (पुण्याहून, सोबत लेक आणि सासूबाई)

मृण्मयी_कर्वेनगर:
नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. लेक चौथीत आहे आणि त्याला देवमाशांचं प्रचंड वेड. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं ना, ते शेवटी वाचलं नाही हे कळल्यापासून त्याचं एकच चालू आहे की मला जिवंत, पोहणारा व्हेल बघायचाय. आमच्या सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतात त्या मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला, त्याआधी यांना ऑफिसातून रजा नाही. लक्ष्मी रोडवरच्या एका एजंटने श्रीलंकेचं पॅकेज दिलंय, ऑफ सीझन म्हणून बऱ्यापैकी स्वस्त, आणि त्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाचं व्हेल वॉचिंग धरलंय. पण मी वाचतेय तर मिरिसाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. त्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम व्हेल काय बारा महिने असतात. खरंच असतात का? सासूबाईंना ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते, त्यांचं बोटीत कसं होईल तेही सांगा. जाणं रद्द करायचं नाहीये, लेकाला शब्द दिलाय.

खारा_वारा:
मृण्मयीताई, एजंट म्हणतो ते अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावरच लोक फसतात. श्रीलंकेभोवतीचे निळे देवमासे खरोखर वेगळे आहेत, दक्षिणेकडचे निळे देवमासे दरवर्षी अंटार्क्टिककडे खायला जातात तसे हे जात नाहीत, उत्तर हिंदी महासागराच्या याच उबदार पाण्यात वर्षभर राहतात. आशा डी व्होस या श्रीलंकन संशोधक बाईंनी यांच्यावर खूप काम केलंय. पण अडचण व्हेलची नाही, समुद्राची आहे. जो नैऋत्येचा वारा जूनमध्ये आपल्याकडे पाऊस घेऊन येतो तोच मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात श्रीलंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतो आणि मिरिसा बरोब्बर त्याच्या तोंडावर आहे. समुद्र खवळलेला असतो, बऱ्याचशा बोटी बंद असतात, आणि एखादी गेलीच तरी एवढ्या फेसाळ लाटांत व्हेलच्या श्वासाचा फवारा दिसणार कसा. लहान मुलाला आणि सासूबाईंना घेऊन त्या दिवसांत मिरिसाच्या बोटीत बसू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तुम्ही किनारा बदला. त्या दिवसांत पूर्वेचा किनारा चालू असतो, त्रिंकोमाली. मधे अख्खं बेट आडवं असल्यामुळे तिकडे वाऱ्याचा जोर कमी पडतो, सकाळी समुद्र बराच शांत असतो, दुपारकडे वारा उठतो म्हणून बोटी पहाटे सहाच्या सुमारास निघतात. आणि व्हेल तिथेच का, तर बंदराच्या तोंडाशीच समुद्राचा तळ एकदम खोल दरीत उतरतो. खोल पाण्यातले प्राणी त्यामुळे किनाऱ्याजवळ येतात. निळे देवमासे आणि खोल बुडी मारणारे स्पर्म व्हेल दोन्ही दिसू शकतात, स्पिनर डॉल्फिनचे कळप तर बरेचदा. मे ते ऑक्टोबर हा तिकडचा हंगाम धरतात, म्हणजे तुमची तारीख तिथे ऑफ सीझन नाहीच.

अनिकेत_पौडरोड:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक सांगतो, कोलंबोहून त्रिंकोमाली साधारण अडीचशे-पावणेतीनशे किमी आहे, गाडीने सहा-सात तास धरा, त्यामुळे एजंटचं कँडी-नुवारा एलिया-बेंटोटा असं गच्च पॅकेज यात बसणार नाही. बेंटोटा उडवा, तसंही मे अखेरीस तिथे समुद्रात उतरता येत नाही. त्याऐवजी वाटेत दंबुल्ला-सिगिरिया घ्या आणि पुढे त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेली किंवा निलावेलीला तीन रात्री राहा. निलावेलीसमोर पिजन आयलंड आहे, तिथे उथळ पाण्यात प्रवाळ दिसतात, मुलं खूश होतात. पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून कोलंबो थेट मिळतं, व्हिसाचं सरकारी साईटवरच बघा, नियम सारखे बदलतात.

आणि मी तुमच्या जागी असतो तर मॉरिशसचाही विचार केला असता. तुमच्या या तारखांना नाही, पण पुढेमागे रजा गणपतीच्या सुमारास मिळाली तर. जुलै ते ऑक्टोबर तिथे अंटार्क्टिककडून हंपबॅक व्हेल येतात, पिल्लं घालायला, आणि पश्चिमेच्या किनाऱ्याजवळ स्पर्म व्हेलच्या माद्या पिल्लांसकट वर्षभर असतात. गंमत म्हणजे गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, तिथल्या मराठी लोकांनी सव्वाशेच्या वर वर्षं सण जपलाय. सकाळी व्हेल आणि संध्याकाळी आरती, असा योग दुसरीकडे कुठे मिळणार?

वसुधा_मावशी:
अगं मृण्मयी, सासूबाईंचं मी सांगते. घाट लागतो त्यांना बोट लागणारच असं धरून चालायचं. आदल्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना विचारून एव्होमिनची गोळी ठरवून घे, बीपीच्या किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारणं फार गरजेचं, आणि ती निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. लेकासाठी डोस वेगळा, अंदाजाने अर्धी करून देऊ नकोस. उपाशीपोटी नेऊ नको, कोरडं काहीतरी खाऊ घाल, आलेपाक बरोबर ठेव. त्रिंकोमालीच्या बोटी मिरिसासारख्या दुमजली नसतात, बऱ्याचशा लहान फायबरच्या, वर छप्पर असेलच असं नाही, ऊन थेट डोक्यावर. खरं सांगू का, त्यांना नको वाटत असेल तर आग्रह करू नका. कोणेश्वरम मंदिर समुद्रावरच्या उंच कड्यावर आहे, त्यांना तिथे दर्शनाला नेऊ दे कुणीतरी, कड्यावरून समुद्र लांबवर दिसतो.

मृण्मयी_कर्वेनगर:
वसुधा मावशी, अगदी मनातलं बोललात, सासूबाईंना कोणेश्वरमचं सांगितलं तर त्या लगेच तयार. अनिकेत, मॉरिशसचं लिहून ठेवलंय. मिरिसा काढून टाका असं एजंटला फोन करून सांगितलं, आता तो नवीन आकडा देणार आहे. खारा_वारा, दिसण्याची खात्री कितपत? आणि लेकाला बोटीत काय बघायचं ते आधीच समजावून ठेवू का?

खारा_वारा:
खात्री कुणीच देऊ शकत नाही, शंभर टक्के म्हणणारा बोटवाला टाळाच. ऑगस्ट-सप्टेंबरच्या मानाने मे अखेरीस थोडं नशिबावर आहे, म्हणून एकाच सकाळवर सगळं ठेवू नका, दोन सकाळी मोकळ्या ठेवा आणि पहिलीच बोट पहिल्या दिवशी घ्या.

लेकाला नक्की शिकवा. आधी फवारा शोधायचा. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, उंच, जवळजवळ नऊ मीटर जातो, म्हणजे तीन मजल्यांएवढा. स्पर्म व्हेलचा बुटका आणि पुढे डावीकडे कललेला असतो, त्याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते म्हणून. हे एवढं कळलं तरी लांबूनच पोरगा ओळखेल कोण आहे ते, आणि तो आनंद फोटोपेक्षा मोठा असतो. स्पर्म व्हेल शेपूट उभी करून खाली गेला की पाऊण तास, कधी त्याहून जास्त वर येत नाही, तेव्हा बोटवाल्यामागे घाई लावू नका. आणि पाण्यावर लालसर तवंग दिसला तर दाखवा त्याला, इथले निळे देवमासे बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्यामुळे त्यांची विष्ठा लाल असते.

बोट ठरवताना मात्र दोन गोष्टी विचाराच. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, आणि व्हेलपासून किती अंतर ठेवता. श्रीलंकेत १०० मीटरच्या आत बोट नेता येत नाही असा नियम आहे आणि परवानगीशिवाय व्हेलबरोबर पाण्यात उतरणं बेकायदा आहे, तरी "पैसे द्या, जवळ नेतो" म्हणणारे भेटतात. आधीच या जनावरांना जहाजांचा धोका आहे, दक्षिणेच्या समुद्रात मालवाहू जहाजांचा रस्ता त्यांच्या खाण्याच्या जागेतूनच जातो, एमएससी कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं जरा दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली ती त्यासाठीच. आपल्या बोटींनी त्यांना चारी बाजूंनी घेरलं तर ती खाणं सोडून बुडी मारून निघून जातात. तसा बोटवाला दिसला तर पैसे गेले तरी चालतील, बोट बदला. निलावेलीच्या हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारलंत तर त्या आठवड्यात व्हेल दिसताहेत का हे तो नीट सांगेल, मच्छीमार रोज समुद्रात असतात त्यामुळे त्यांची खबर सगळ्यात ताजी.