मदत हवी आहे : बाबांच्या पोटरीला सूज, मोजे रात्री काढायचे का?

खारीबिस्किट : प्लीज लवकर सांगा. बाबांचं ऑपरेशन झालं, घरी आणलंय. पोटरी सुजली आहे. हॉस्पिटलने दिलेले घट्ट पांढरे मोजे रात्री काढायचे की ठेवायचे? फोन केला तर सोमवारी ओपीडीत या म्हणतात.

निवृत्त_मास्तर : बायपास ना? मग घाबरू नका. पायाची शीर काढून हृदयाला लावतात, त्या पायाला सूज येतेच. माझ्या पायाला अजून संध्याकाळी येते. कोमट तिळाचं तेल चोळा, रात्रीत उतरेल.

फिजिओ_अनघा : चोळू नका! शिरेत गुठळी असेल तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. खारीबिस्किट, ऑपरेशन कसलं? सूज एका पायाला की दोन्ही? रक्त गोठू नये म्हणून देतात ती पोटावरची सुई चालू आहे?

खारीबिस्किट : बायपास नाही हो. फुप्फुसाचा खालचा भाग काढला, कॅन्सरची गाठ होती. सूज फक्त डावीकडे. सुई कार्डावर आहे, एनॉक्सापॅरिन 40, चार आठवडे. पण पोटावर जांभळे डाग पडले म्हणून आईने बंद करायला लावली. मोज्यांचं सांगा ना!

निवृत्त_मास्तर : सुया हव्यात कशाला? चालवा त्यांना. मी चौथ्या दिवशी शिवाजी पार्कला फेरी मारली होती.

फिजिओ_अनघा : मास्तर, चालणं हवंच, पण कॅन्सर आणि छातीचं ऑपरेशन एकत्र आलं की रक्त गोठायचा धोका बराच वाढतो. घरी गेल्यावरही सुई लिहून देतात ती म्हणूनच. डाग त्या सुईने पडतातच. खारीबिस्किट, टेप घ्या, दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा.

गिरगावचा_भाऊ : डी-डायमर करा, गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आमच्या नाक्यावरचा लॅबवाला घरी येऊन रक्त नेतो.

फिजिओ_अनघा : ऑपरेशननंतर तो वाढलेलाच येतो, त्यावरून काय ठरवणार? पायाची डॉपलर सोनोग्राफी हवी, त्यात शिरेतला रक्तप्रवाह दिसतो.

खारीबिस्किट : डावी चार सेंमी जास्त. गरमही लागतेय.

फिजिओ_अनघा : तीनच्या वर फरक म्हणजे शंका घ्यायलाच हवी. सोमवारची वाट बघू नका, आत्ता कॅज्युअल्टीत न्या. सुई बंद होती हे तिथे आधी सांगा. मोज्यांचं तेच ठरवतील. दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यात रक्त आलं तर थेट 108.

भायखळा_फास्ट : परळला जाणार असाल तर हिंदमाताला पाणी भरलंय. फ्लायओव्हर धरा.

गिरगावचा_भाऊ : दरवर्षीचंच आहे. पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या म्हणे.

भायखळा_फास्ट : टाक्यांमुळे फरक पडलाय हो. पूर्वी कंबरेपर्यंत असायचं.

खारीबिस्किट : डॉपलर झाली. गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी आहे. दाखल केलंय, आता सुई दिवसातून दोनदा, वजनाच्या हिशोबाने. दम नाही, ऑक्सिजन 97.

निवृत्त_मास्तर : बरं झालं नेलंत. तेल मग नंतर लावा.

फिजिओ_अनघा : मास्तर!!

भायखळा_फास्ट : मेडिक्लेम असेल तर टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी) आजच कळवा, ही नवी ॲडमिशन धरतात. डॉपलरचं मूळ बिल जपून ठेवा.