मागच्याची वाट बघवत नसेल तर ग्रुपात येता कशाला?

धुळाक्ष
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं की खडीवरची, जंगलवाटांवरची बाइकची ग्रुप राइड म्हणजे बालवाडीची सहल, खरा रायडर एकटाच जातो, आणि ग्रुपात अर्धा दिवस मागे राहिलेल्यांची वाट बघण्यात जातो. गप्प बसणार होतो. नाही बसवलं.

गेल्या महिन्यात आम्ही नऊ गाड्या, दोन दिवस. डांबर जेमतेम तोंडी लावण्यापुरतं. नियम एकच: फाटा आला की लीडच्या, म्हणजे सगळ्यांत पुढच्या गाडीच्या, लगेच मागचा तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो आणि शेवटची गाडी, म्हणजे स्वीप, दिसेपर्यंत हलत नाही. यात कुणालाही पुढचा नजरेआड होऊ नये म्हणून पळावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी एका फाट्यावर मी उभा होतो. पाच गेल्या, शेवटच्या दोन येईनात. साइड स्टँडखाली चपटा दगड सरकवला आणि चाळीस मिनिटं झाडाला टेकून उभा राहिलो. त्या वेळात मागे काय चाललं होतं? एका वळणावर कडेच्या सुट्या खडीत पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी, आणि स्वार पाय टेकायला गेला तो सामानाच्या ॲल्युमिनियमच्या बॉक्सखाली अडकला. स्वीपवाल्याने मागून गाडी उचलून धरली तेव्हा पाय निघाला. बूट घोट्याच्या वर होते म्हणून फक्त सूज. फोनला रेंज नव्हती. "खरा रायडर" असता तर किती वेळ पडून राहिला असता, याचा हिशेब त्या महाशयांनीच करावा.

एकटा_जीव
महाशय हजर आहेत.

तो पडला हे रंगवून सांगितलंत, का पडला ते खुबीने गाळलंत. मी सांगतो. ग्रुपातला शेवटून दुसरा माणूस कायम कुवतीपेक्षा थोडा जोरात चालवतो. कुणी सांगत नाही त्याला, पण प्रत्येक फाट्यावर कुणीतरी आपल्यासाठी ताटकळलंय हे त्याला दिसतं. शरमेने ॲक्सिलरेटरची मूठ पिळली जाते. वर पुढच्यांची धूळ डोळ्यांत. वळणाची कड दिसली नसणार त्याला.

आणि तुमची ती फाट्यावरची पद्धत! मला नका सांगू. एका राइडमध्ये फाट्यावरचा शहाणा ऊन लागतं म्हणून शंभर पावलं आत सावलीत जाऊन बसला. आम्ही तिघे सरळ निघून गेलो. चौदा किलोमीटरनंतर वाट ओढ्यात संपली. परत येईपर्यंत माझी गाडी रिझर्व्हला. त्यावर लीड काय म्हणाला? "लक्ष ठेवायला हवं होतं." त्या दिवसापासून एकटा. रोज चारला परत फिरतो, घरी वाट कळवलेली असते. बालवाडी तुम्हीच सांभाळा.

चाकोरी_ताई
दोघेही जरा बाजूला व्हा. पुढचं चाक सरकलं म्हणताय, तर टायरमध्ये हवा किती होती?

धुळाक्ष
ताई, विषय हवेचा नाही.

चाकोरी_ताई
विषय हवेचाच आहे. तुमच्यातले निम्मे डांबरावरची ३२-३३ पीएसआय हवा घेऊन खडीवर उतरतात आणि मग धुळीला, ग्रुपला, नशिबाला शिव्या घालतात. हवा उतरवली की टायर दगडाभोवती बसतो, जमिनीला जास्त टेकतो. टणक टायर गोट्यांवरून उड्या मारत जातो. हँडल थरथरतंय ते गाडीचा दोष नाही, तुमच्या आळसाचा आहे. २२-२४ वर आणा आणि मग बोला.

ट्यूबवाला_४११
ताई, तुमचं ऐकूनच मी एकदा २० वर आलो होतो! रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, पुढे एकवीस इंची चाक, ट्यूब. सामानासकट गाडी किती जड होते कल्पना आहे ना? एका आडव्या दगडावर रिम टेकली आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. पावसात, कुडकुडत, दोन लिव्हरनी टायर काढला. नवी ट्यूब घालताना तीही चिमटली. तिसरी नव्हती. हवा उतरवा म्हणणारे पंप मारायला येत नाहीत.

चाकोरी_ताई
मी २२-२४ म्हणते, तुम्ही २० करता, आणि दोष माझा? सामान लादलं असेल तर त्याहूनही वर ठेवायची, विशेषतः मागे. आकडा हा काही मंत्र नाही, गाडी, वजन आणि दगड बघून ठरवायचा.

गुरुत्वमध्य
हवाबिवा सोडा. फूटरेस्टवर उभे राहा, गुरुत्वमध्य खाली येतो, गाडी आपोआप स्थिर.

एकटा_जीव
माणूस उभा राहिल्यावर त्याचं वजन खाली कसं जाईल हो? वरच जातं. फायदा वेगळा आहे: गाडी अंगाखाली मोकळी डुलते, गुडघे धक्का खातात आणि लांबचं दिसतं. आयडी तरी बदला.

गुरुत्वमध्य
पंधरा वर्षं चालवतोय. दहा हजार किलोमीटरची पुस्तकी मंडळी मला शिकवणार!

रिमझिम
ट्यूबलेस घ्या, वाद संपला. खिळा घुसला की भोकात पंक्चरची चिकट दोरी भरा, पाच मिनिटांत चालू.

ट्यूबवाला_४११
आणि दगडावर रिमची कड वाकली की? ट्यूब असेल तर वाकड्या रिमवरही घरी पोचतो. ट्यूबलेसची हवा त्या कडेतूनच जाते. ठोका मग दगडाने.

रिमझिम
ठोकलीय. पोचलोय. हलके घ्या.

मागचा_दिवा
डाकार रॅलीमध्ये बघा, ४५० सीसीच्या हलक्या गाड्या, आणि ते लोक हवा किती ठेवतात ते शिका. उगाच अडीचशे किलोचे रणगाडे जंगलात नेता.

चाकोरी_ताई
डाकारवाले हवा ठेवतच नाहीत! टायरात मूस भरतात, फोमचं कडं. पंक्चर होणारच नाही असं. दाखला देण्याआधी टायरात काय असतं एवढं तरी बघायचं.

मागचा_दिवा
बरं. चुकलं. पण रणगाड्यांचं खरं आहे.

शांत_रान
इतकी हवा चर्चेत निघाली, एक शब्द कुणी आवाजावर काढला नाही. नऊ गाड्यांतल्या चारांचे सायलेन्सर मोकळे असतात. जंगलवाटेवरून तुम्ही गेलात की तासभर पाखरू बोलत नाही. वाटेवर दुसऱ्यांदा आलात की गावातली माणसं दगड ठेवतात आडवे, आणि बरोबर करतात. मग त्या वाटा सगळ्यांनाच बंद होतात, माझ्यासारख्या हळू जाणाऱ्यालाही.

धुळाक्ष
आमच्यात एकाचाच मोकळा होता. त्याला पुढच्या वेळी येऊ नको म्हटलंय. पण गाडी कुणाची कशी असावी यावर स्वतंत्र धागा काढा ना!

एकटा_जीव
मूळ मुद्द्याला बगल देऊ नका. वळणावर तो का पडला?

धुळाक्ष
आत्ता त्याला फोन केला. शब्दशः सांगतो, म्हणजे माझं मीठमसाला नको. पुढचा दिसत नव्हता म्हणून जोर लावला होता. वळणात मागचा ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस चालू होतं, त्यामुळे मागचं चाक लॉक होऊन खडीत रुतायच्या ऐवजी गाडी पुढेच जात राहिली. घाबरून पुढचा ब्रेक ओढला, आणि चाक गेलं.

झालं समाधान? शरमेने मूठ पिळतात हे तुमचं बरोबर निघालं, मिठाई वाटा. पण त्याला उचलणारा मागे होता हे माझंही बरोबरच. आणि पुढच्या वेळी तो लीडच्या मागे दुसरा चालेल, शेवटी नाही; फाट्यावर त्याच्याऐवजी त्याच्या मागचा थांबेल. म्हणजे त्याला कुणाला गाठायचंच नाही, लीडने त्याच्या चालीने जायचं.

एकटा_जीव
हे मी दहा वर्षांपूर्वी त्या लीडला सांगितलं होतं. हसला होता. तुम्ही निदान ऐकलंत, एवढं मान्य. ग्रुपात येणार नाही, हेही तेवढंच पक्कं. आणि फाट्यावरच्या माणसाला सावलीत जाऊ देऊ नका, नाहीतर मी इथे परत येऊन लिहीन.

चाकोरी_ताई
हवा किती होती ते विचारलंत का?

धुळाक्ष
विचारलं. तेहेतीस.

चाकोरी_ताई
😌

ट्यूबवाला_४११
थांबा, थांबा. थंड टायरवर मोजलेली की तासभर चालवून तापल्यावर?