दहावीनंतर थेट गॅरेज की आयटीआय?

बी-३०२ वहिनी: नमस्कार. आमचा थोरला दहावी पास झाला. गाड्यांचं लई वेड. आता शिकायचं नाही, थेट गॅरेजला जातो म्हणून हट्ट धरलाय. काय करावं?

सी-१०१: लाईन चांगली आहे की. मेकॅनिक मिळंना झालाय.

ए-१०४ काका: वहिनी, त्याला अडवू नका, पण आयटीआय सोडू देऊ नका. आपल्या सोलापूरच्या विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयसाठी ऑनलाइन फॉर्म भरा. डिझेल मेकॅनिकचा कोर्स एक वर्षाचा, मोटर व्हेईकल दोन वर्षांचा. दोन वर्षांचाच घ्या. पुढं मन झालं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिवाय कंपनीत किंवा शोरूमच्या वर्कशॉपला अप्रेंटिस म्हणून घेताना सर्टिफिकेट बघतात.

सी-१०१: पण काका, जुने मिस्त्री कुठं आयटीआयला गेले होते?

ए-१०४ काका: तेव्हा पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर होता, कानानं ऐकून सेटिंग व्हायची. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, आता दुचाकीलाही फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर. नुसता पाना फिरवून भागत नाही, वायरिंगचा नकाशा वाचता आला पाहिजे.

परवाच माझ्याकडं गॅरेजला एक गाडी आली. दुसरीकडं नवी बॅटरी टाकून घेतलेली, चार दिवसांत परत डाऊन. बॅटरी चार्ज करून मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावलं. बंद गाडीला साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. चालू करून रेस दिली, तरी आकडा तिथंच. चौदाच्या आसपास जायला पाहिजे होता. म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं. बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर गेलेला, आणि गिऱ्हाइकाला बॅटरीचा भुर्दंड. दोष शोधून मगच पार्ट बदलायचा, ही सवय पोराला पहिल्यापासून लागली पाहिजे. म्हणून टूलकिटच्या आधी त्याला साधा डिजिटल मल्टीमीटर घेऊन द्या.

बी-३०२ वहिनी: इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे काम राहील का?

ए-१०४ काका: ब्रेक, सस्पेन्शन, टायर, बेअरिंग तिथंही आहेच. पण इलेक्ट्रिक कारमधल्या केशरी वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, ट्रेनिंगशिवाय हात लावायचा नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, खाली स्टँड लागलाच पाहिजे. हे मी त्याला स्वतः सांगणार आहे.

बी-३०२ वहिनी: रविवारी पाठवू का तुमच्याकडं?

ए-१०४ काका: पाठवा की. आधी नुसतं बघू दे. चप्पल नको, बूट घालून या म्हणावं.