मदत हवी आहे: हैदराबादला रिंग रोडने जावं की शहरातून?

सोलापूरकर: उद्या पहाटे गाडीने निघतोय. शहराच्या अलीकडे मुत्तंगीला आउटर रिंग रोड धरावा की सरळ आत शिरावं? मोबाइलचा नकाशा दर वेळी वेगळा रस्ता दाखवतोय. जरा लवकर सांगा.

भटक्या: गाडी म्हणजे चारचाकीच ना? दुचाकीला त्या रस्त्यावर बंदी आहे, सर्व्हिस रोडने जावं लागतं.

सोलापूरकर: चारचाकी.

नांदेडकर: डोळे झाकून रिंग रोड! १५८ किलोमीटर, आठ पदरी, एक सिग्नल नाही. आम्ही विमानतळाला तसेच जातो. नानकरामगुडा, राजेंद्रनगर, की आलंच शमशाबाद.

देवयानी: अहो, पण विमानतळाला जायचंय असं त्यांनी कुठे लिहिलंय? सोलापूरकर, उतरायचं कुठे?

सोलापूरकर: सोमाजीगुडा. आईची दहाला डॉक्टरांची वेळ आहे. विमानतळ परतताना, भावाला सोडायला.

देवयानी: मग रिंग रोड कशाला? विजयवाड्याकडे किंवा विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या शहरात येऊ नयेत म्हणून तो आहे. सोमाजीगुडा ऐन मध्यात. पटानचेरू, मियापूर, कुकटपल्ली, अमीरपेट असे सरळ या.

नांदेडकर: सकाळी नऊला कुकटपल्लीत? अडकतील. नानकरामगुड्याला उतरून मेहदीपट्टणमकडून यावं.

देवयानी: तिथे त्याच वेळी आयटीवाल्यांची गर्दी असते. रिंग रोडवर वाचवलेला वेळ उतरल्या उतरल्या जातो. मी रोज बघते.

भटक्या: गाडी मियापूरला लावा आणि मेट्रोने सोमाजीगुड्याजवळच्या पंजागुट्टा स्टेशनला या. मध्ये बदलावी लागत नाही. आईंना चालणं जमतं का?

सोलापूरकर: गुडघे दुखतात. मेट्रो नको.

चाकणवाला: आमच्या पुण्याचा रिंग रोड कधी होणार तेही सांगा कोणी. एचसीएमटीआर, म्हणजे शहरातला आतला रिंग रोड, १९८७ च्या विकास आराखड्यात आखलाय, आमच्या मुलांची लग्नं झाली!

देवयानी: त्यासाठी वेगळा धागा काढा ना. सोलापूरकर, पहाटे म्हणजे किती वाजता?

सोलापूरकर: पाचला.

देवयानी: तीनशे किलोमीटर आहे, दहाला पोचणार नाही. कुठल्याही रस्त्याने या. अडीच-तीनला निघा, आठच्या आत कुकटपल्ली ओलांडा.

भटक्या: किंवा आज संध्याकाळीच निघून मुक्काम करा. आईंना अपरात्री उठवू नका.

सोलापूरकर: हे बरं. आज रात्री पोचतो.

नांदेडकर: परतीला तरी रिंग रोडच घ्या. भावाला सोडलं की शमशाबादला चढायचं, मुत्तंगीला उतरायचं. टोल अंतराप्रमाणे फास्टॅगमधून जातो, शिल्लक आत्ताच बघून ठेवा.