मदत हवी: आर्डुइनो ऊनोला ईएसपी-०१ (वायफाय मॉड्यूल) जोडलंय, वायफायला जोडताना मॉड्यूल रीस्टार्ट होतं

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात आमचा केळीचा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) आहे, ठिबकवर. वाफसा आहे की नाही, हे वडील खोडाजवळची माती मुठीत दाबून सांगतात. पण त्यासाठी माणूस बागेत हवा, आणि मी नोकरीला भुसावळला. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पाण्याची एक पाळी हुकली तरी बाग माना टाकते. म्हणून आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला ओलाव्याचे सेन्सर लावलेत. आकडे लॅपटॉपवर नीट दिसतात, आता ते मोबाईलवर हवेत. शेतातल्या खोलीत राउटर आहे, २.४ गिगाहर्ट्‌झचा.

जोडणी अशी: ईएसपी-०१ चे व्हीसीसी (वीज घेणारी पिन) आणि सीएच-पीडी (मॉड्यूल चालू ठेवणारी पिन) ऊनोच्या ३.३ व्होल्ट पिनला, ग्राउंड एकत्र. मॉड्यूलच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला) ५ व्होल्ट जाऊ नयेत म्हणून त्या वायरवर १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर टाकलेत. सॉफ्टवेअर सिरियल (साध्या पिनांवरून मॉड्यूलशी बोलणारी लायब्ररी) २ आणि ३ नंबरच्या पिनवर.

'एटी' ही तपासणीची कमांड पाठवली की 'ओके' येतं, पण अधूनमधून अक्षरं तुटतात. नेटवर्कला जोडायची कमांड दिली की निळा दिवा लुकलुकतो, वाचता न येणारी एक ओळ छापली जाते आणि खाली 'रेडी'. म्हणजे मॉड्यूल परत पहिल्यापासून सुरू.

हा दोष सप्लायचा की बॉड रेटचा (डेटा पाठवायच्या वेगाचा)? का सरळ ईएसपी३२ (वायफाय आतच असलेला बोर्ड) घ्यावं? माझे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. कृपया कारणासकट सांगा, पुढच्या वेळी मलाच शोधता आलं पाहिजे.

उत्तर (चोपड्याहून):

भाऊ, सप्लाय कमी पडतोय. ऊनोची ३.३ ची पिन ५० मिलिअँपिअरपर्यंतच देते. ईएसपी-०१ मधल्या ईएसपी८२६६ चिपचा रेडिओ सिग्नल पाठवायला लागला की क्षणभर का होईना, ३०० च्या आसपास ओढतो. नुसत्या 'एटी'ला रेडिओचं काम नसतं, म्हणून तेवढं निभतं. मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर, त्यापुढे एएमएस१११७ चा ३.३ व्होल्टवाला रेग्युलेटर आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ग्राउंड मात्र ऊनोशी जोडलेलंच राहू द्या.

अक्षरं तुटतात ती वेगामुळे. मॉड्यूल बहुतेक ११५२०० वर असेल, सॉफ्टवेअर सिरियलला तो वेग झेपत नाही. 'एटी+यूएआरटी_डीईएफ=९६००,८,१,०,०' एकदा पाठवा आणि स्केचमध्येही (ऊनोच्या प्रोग्राममध्येही) ९६०० करा. सुरू होतानाची ती ओळ ७४८८० वर येते, तिची काळजी नको.

ईएसपी३२ घेतलंच तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, ५ व्होल्टच्या सेन्सरचं आउटपुट थेट देऊ नका. शिवाय वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (सेन्सरचा व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत. सेन्सर ३२ ते ३६ किंवा ३९ वर घ्या.

पण आधी सप्लाय बदला, आणि त्यानंतर जोडायच्या कमांडला काय उत्तर येतं ते जसंच्या तसं इथे टाका.