शब्दचर्चा: ‘रीसेट’ म्हणजे साठवायचं की पुसायचं?

वारणाकाठ:
यंत्रनियंत्रणावरच्या एका मजकुराचा अनुवाद चालू आहे. मूळ मजकुरात ‘रीसेट कंट्रोलर’ आहे. ‘पुनःस्थापन नियंत्रक’ लिहू का? पीआयडीच्या (लेव्हल, तापमान वगैरे ठरल्या आकड्यावर धरणारा नेहमीचा कंट्रोलर) पॅनेलवर ‘रीसेट टाइम’ असतो, तो हाच ना?

कुपवाडकर:
नाही, नेमका उलटा. ओव्हरलोड रिले ट्रिप झाल्यावर दाबतात ते बटण सोडून देऊ. पीआयडीतला रीसेट म्हणजे इंटिग्रल, एररची (हवं ते आणि आहे ते यातला फरक) बेरीज करत जाणारा भाग. नुसत्या प्रपोर्शनलवर, म्हणजे एररच्या प्रमाणात आउटपुट देणाऱ्या भागावर, थोडी एरर उरते. पूर्वी ऑपरेटर बायस (आउटपुटमध्ये मिळवलेला ठरावीक आकडा) हाताने सरकवून ती घालवायचा, तो मॅन्युअल रीसेट. पुढे तेच काम इंटिग्रल आपोआप करू लागला आणि नाव त्याला चिकटलं. म्हणजे हा एरर साठवत जातो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी साठवण थांबली नाही, की ‘रीसेट वाइंडअप’.

रीसेट टाइमचा आकडा भरताना एकक बघा. प्रपोर्शनलने दिली तेवढीच हालचाल इंटिग्रलने पुन्हा दिली की एक ‘रिपीट’. ०.५ ‘मिनिट्स पर रिपीट’ म्हणजे अर्धं मिनिट, ०.५ ‘रिपीट्स पर मिनिट’ म्हणजे २ मिनिटं. उलटसुलट झालं तर चौपट फरक. लूप डोलायला लागतो आणि बोल बिचाऱ्या व्हॉल्व्हला!

अजिंक्यतारा:
तुमच्या मजकुरातला रीसेट १९५८ च्या क्लेग इंटिग्रेटरच्या घराण्यातला. इंटिग्रेटर म्हणजे एररची बेरीज साठवणारा भाग. एरर शून्य ओलांडते त्या क्षणी साठवलेलं सगळं पुसलं जातं. साधा इंटिग्रेटर साइन लहरीला ९० अंश मागे पाडतो. हा, पहिल्या हार्मोनिकपुरतं (आउटपुटमधल्या मूळ वारंवारतेच्या लहरीपुरतं) पाहिलं तर, सुमारे ३८. वारंवारता वाढेल तसा गेनचा (आउटपुट इनपुटच्या किती पट, त्याचा) उतार मात्र तोच. उतार तोच ठेवून कमी मागे पडायची ही सवलत रेषीय फीडबॅकला (आउटपुट मोजून परत इनपुटला जोडणं) नाही.

फुकट काही नाही पण. समजा रसाच्या टाकीची लेव्हल धरायला व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा लागतो. लेव्हल सेटपॉइंटला (ठरवलेल्या पातळीला) आली, इंटिग्रेटर पुसला, व्हॉल्व्ह बंदकडे धावला, लेव्हल पुन्हा घसरली. हा खेळ संपतच नाही. मोटरच्या पोझिशनला मात्र हे चालतं, कारण तिथे जागेवर थांबायला सिग्नल शून्यच लागतो. सेन्सरला नॉइज असेल तर शून्य दहादा ओलांडलं जातं. दोन रीसेटमध्ये किमान अंतर ठेवावं लागतं.

वारणाकाठ:
मग याला सरळ ‘अरेषीय’ म्हणू?

अजिंक्यतारा:
म्हणा, पण एक गंमत लक्षात ठेवा. शून्यापासून सुरुवात केली तर इनपुट दुप्पट केल्यावर आउटपुटही दुप्पटच येतो. मोडतो तो बेरजेचा नियम: दोन इनपुट एकत्र दिले तर आउटपुट त्यांच्या वेगवेगळ्या आउटपुटांची बेरीज येत नाही. आणि अशा सिस्टिमला ‘हायब्रीड’ म्हणतात, त्याला ‘संकरित’ नको. इकडे हायब्रीड म्हटलं की ज्वारी डोळ्यापुढे येते. इथे अर्थ आहे सलग चाल आणि मध्येच उडी.

कुपवाडकर:
‘फीडबॅक’ला ‘अभिप्राय’ही नको, तो हॉटेलच्या वहीत शोभतो. ‘प्रतिभरण’ चालेल.

वारणाकाठ:
ठरलं. पीआयडीतल्या ‘रीसेट टाइम’ला ‘संकलन-काल’ आणि क्लेगसाठी ‘शून्यकारी इंटिग्रेटर’.

अजिंक्यतारा:
‘शून्यकारी’ पुढच्याच पानावर अडेल. टाकीच्या त्या अडचणीवर उपाय म्हणून साठ्याचा काही भागच पुसतात, बाकीचा व्हॉल्व्ह धरून ठेवतो. तिथे शून्य कुठे होतंय? ‘रीसेट होणारा इंटिग्रेटर’ ठेवा, मग ‘अंशतः रीसेट’ लिहिता येईल. नुसता ‘रीसेट’ कुठेच सोडू नका.